बॉयलरवाल्यांचा शेवटचा मुक्काम

पाम स्प्रिंग्जमध्ये कंपन्यांच्या बैठका आणि मुक्काम आखून देणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण मांडलेल्या खुर्च्यांवर स्वतः बसून बघणारी एल्विरा बुस्तामांते एकटीच. हॉल मांडून झाला की ती एकदा मागच्या ओळीत, एकदा कडेला, एकदा खांबाआड बसून यायची. हिरवळीवर जेवण असलं तर आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथे जाऊन उभी राहायची. डोंगराची सावली कुठवर येते, खिंडीतून वारा सुटला तर टेबलावरचं कापड कुणाच्या तोंडावर उडेल, हे तिला कागदावर समजत नसे. ती ज्या हॉटेलात कामाला होती तिथले लोक हसायचे. "बाई पाहुण्यांच्या आधीच मीटिंग उरकून घेते," म्हणायचे. ती म्हणायची, "घेते. आणि कंटाळा कुठे येतो ते बघून ठेवते."

तिचा बाप एलिसेओ कोचेलाकडच्या खजुराच्या बागेत कामाला होता. उंच शिड्यांवरून शेंड्यापर्यंत चढायचा आणि घडांना कागदी पिशव्या बांधायचा. आई त्रिनिदाद याच हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. एल्विरा शाळा संपताच तिथेच वाढपी म्हणून लागली. लग्न झालं, मोडलं, मूलबाळ झालं नाही. ताटं उचलता उचलता ती कधीतरी ऑफिसात येऊन बसली, आणि बसली ती बसलीच. आता पन्नाशी उलटली होती, बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि इंडिओतल्या छोट्या घरात माय-लेकी दोघीच राहत होत्या.

उन्हाळ्यात गावात चिटपाखरू नसतं. थंडी पडली की मात्र दंतवैद्य येतात, विमेवाले येतात, बियाणं विकणारे येतात. येण्याआधी प्रत्येकजण कार्यक्रम पाठवतो, आणि त्यात श्वास घ्यायला जागा नसते. सकाळी व्याख्यान, मग गटचर्चा, दुपारी डोळे मिटून एकमेकांच्या हातांत पडायचा खेळ, संध्याकाळी बक्षिसं. एल्विरा फोनवर गोड आवाजात भांडायची. ती म्हणायची, "साहेब, एवढं सगळं तुमच्या गावीच करता आलं असतं की. इथवर येऊन माणसाला तासभर नुसतं बसू द्या." कुणी ऐकायचं, कुणी नाही.

ऐकणाऱ्यांत डुलूथची आसेन कंपनी पहिली. मिनेसोटात, जिथे सरोवरसुद्धा गोठतं, तिथे घरं उबदार ठेवणारे बॉयलर बनवणारी ही जुनी घरगुती कंपनी. दर फेब्रुवारीत तिथली माणसं, ऑफिसवाल्यांपासून भट्टीवर लोखंडाचं ओतकाम करणाऱ्यांपर्यंत सगळी, चार दिवस वाळवंटात ऊन खायला यायची. त्यांच्या बाजूची सगळी व्यवस्था डॉर्कस विटमर नावाची बाई बघायची. ऑफिसातली सगळ्यात जुनी बाई, बोलायला तिखट, हसली की खोकला येईपर्यंत हसणारी. खोल्या आणि जेवणं ठरवता ठरवता तिची आणि एल्विराची अशी मैत्री जमली की वर्षभर दोघी फोनवर असायच्या. डॉर्कसचा नवरा आजारी पडला आणि गेला, ते सगळं एल्विराने तिच्याबरोबर फोनवरूनच सोसलं. एल्विराचा घटस्फोट झाला तेव्हा डॉर्कसने तिला महिनाभर रोज फोन केला होता, आणि एकदाही त्या माणसाचं नाव काढलं नव्हतं.

एका वर्षी मात्र फोन आला तो मालकाचा, हॅल्वर आसेनचा. बाकीच्यांच्या आधी दोन दिवस येतोय, भेटायचंय, एवढंच म्हणाला. आला तेव्हा तलावाकाठी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसला. वय सत्तरीच्या पुढे, उंच, मितभाषी माणूस. कंपनी विकली, असं त्याने सांगितलं. मुलांना धंद्यात रस नव्हता. घेणारे ओतकामखातं बंद करणार होते, आणि उन्हाळ्यापर्यंत निम्म्याहून जास्त माणसांची नोकरी जाणार होती. शुक्रवारी रात्री, शेवटच्या जेवणानंतर, वाजंत्री झाली की तो मंचावरून हे सांगणार होता. तोवर कुणाला कुणकुण लागायला नको होती.

तो म्हणाला, "चार दिवस तरी मजेत घालवू देत त्यांना. तेवढं मी त्यांना देऊ शकतो."

एल्विराने मान हलवली. ग्राहकाच्या घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा तिच्या धंद्याचा नियम होता, आणि तो तिने कधी मोडला नव्हता. शिवाय म्हातारा वाईट हेतूने बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. तिने शब्द दिला. मंच कुठे हवा, दिवे किती हवेत, ते विचारून घेतलं.

मंगळवारी बाकीचे आले. बसमधून उतरताच जाडे कोट काढून हातावर टाकणारी, उन्हाकडे बघून खुळ्यासारखी हसणारी माणसं. डॉर्कसने एल्विराला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बुधवारी दुपारी मला दोन तास तू हवीस. काम आहे."

काम निघालं घराचं. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्ये, पवनचक्क्यांच्या बाजूला, डॉर्कसने एक छोटं घर हेरून ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे बोगनवेल, मागे उघडं माळरान. अजून चार वर्षं नोकरी करायची, हप्ते फेडायचे आणि मग बर्फाला कायमचा रामराम ठोकायचा, असा तिचा बेत होता. शुक्रवारी सकाळी सही करायची होती. तिने एल्विराला खोल्याखोल्यांतून हिंडवलं. एल्विराने स्वयंपाकघराची अडकलेली खिडकी जोर लावून उघडली, तशी डॉर्कस खूश होऊन म्हणाली, "बघ, तुझ्याच हातून उघडायची होती ती."

परतताना गाडीत तिने सहज विचारलं, "म्हातारा यंदा आधी का आला गं? काही आहे का?"

"थंडी सोसत नसेल," एल्विरा म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. लेकीने ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं. काय झालं, त्रिनिदादने विचारलं. एल्विराने नाव न घेता सगळं सांगून टाकलं. आईला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली.

त्रिनिदादने शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "बाग विकली तेव्हाचं तुला आठवत नसेल. नाताळची मेजवानी होती. मालकाने मक्याच्या पानात उकडलेले तमाले मागवले होते, गिटारवाले बोलावले होते. तुझे बाबा इतके नाचले की त्यांच्या बुटाचा तळ सुटला. आणि मग मालक उठला आणि म्हणाला, बाग गेली, इथे घरं बांधणार आहेत."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"नोकरीचं दुःख नव्हतं गं त्यांना. बाग मालकाची, तो विकणार. दुसरी बाग मिळाली वसंतात. पण ते म्हणायचे, मालकाला माहीत होतं आणि तो मला नाचताना बघत होता. मरेपर्यंत हेच म्हणायचे. त्यानंतर कधी नाचले का ते? तुझ्या लग्नातसुद्धा नाही."

एल्विराला ते आठवलं. लग्नात बाप भिंतीला पाठ टेकून उभा होता, आणि पाय दुखतोय म्हणाला होता.

गुरुवारी सकाळी डोंगराच्या माथ्यावर नुकतं कुठे गुलाबी ऊन पडत होतं, तेव्हा तिने हॅल्वर आसेनला संत्र्याच्या झाडांत गाठलं. तो रोज तिथे फेऱ्या मारायचा. शुक्रवारी रात्री सांगू नका, आजच सांगा, असं ती सरळ म्हणाली. आधी त्याला काही समजेना. समजलं तसा त्याचा चेहरा ताठ झाला.

"हे ठरवणं तुझं काम नाही, एल्विरा. तू जेवणं आणि खुर्च्या बघ."

"तेच बघतेय, आसेनसाहेब. उद्या रात्री ही माणसं नाचतील. तुम्ही मंचाजवळ बसून बघत असाल. घरी गेल्यावर नोकरी गेल्याचं ती कधीतरी विसरतील. तुम्ही बघत होतात, हे नाही विसरणार." मग तिने बापाची गोष्ट सांगितली, थोडक्यात, आवाज न चढवता.

झाडाखाली पडलेलं एक संत्रं हॅल्वरने बुटाने बाजूला सारलं. चार दिवस चांगले जावेत एवढंच मनात होतं, असं काहीतरी पुटपुटला.

"अजून एक आहे," ती म्हणाली. हे सांगावं की नाही, याचा विचार तिने घरून येताना वाटभर केला होता. "तुमच्यातलं एक माणूस उद्या सकाळी घराच्या कागदावर सही करणार आहे. चार वर्षांच्या पगाराच्या भरवशावर."

"कोण?"

"डॉर्कस."

हॅल्वर आसेन जवळच्या बाकावर बसला. डॉर्कसला त्याच्या वडिलांनी कामावर घेतलं होतं. मग त्याने विचारलं, "आणि सांगितल्यावर? दोन दिवस त्यांनी करायचं काय?"

"काहीच नाही. कार्यक्रम मी रद्द करते. स्वयंपाकघर दिवसभर चालू ठेवते. गाड्या दाराशी उभ्या ठेवते. ज्याला घरी जायचंय त्याचं तिकीट बदलून देते. बाकी त्यांचं ते बघतील."

तिने मंच लावू दिला नाही, ध्वनिक्षेपकही नाही. हिरवळीवर खुर्च्या अशाच सैल मांडल्या, कुणालाही मान न वळवता उठून जाता येईल अशा. पहिल्या व्याख्यानाच्या वेळेला सगळे जमले तेव्हा म्हातारा त्यांच्यामध्ये उभा राहिला आणि त्याने सांगितलं. कागद हातात घेतला नव्हता. मध्ये एकदा थांबला, पाणी प्यायला आणि पुढे बोलला. ओतकामातला एक जाडजूड माणूस, बसल्या जागेवरून, शांतपणे म्हणाला, "आमचं खातं पूर्ण?" आसेन म्हणाला, "पूर्ण." त्या माणसाने मान हलवली. पलीकडच्या लॉनवरच्या पाण्याच्या तोट्या चालू झाल्या होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

तो दिवस एल्विराने आयुष्यात आखलेल्या कुठल्याच दिवसासारखा नव्हता. दोघं-तिघं दुपारच्या विमानाने गेले. काहीजण तलावाकाठी कपड्यांनिशी पाय सोडून बसले, आणि तासन्‌तास तसेच बसले. ओतकामवाल्यांचा अख्खा घोळका तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर गेला. वर बर्फ होता. बर्फाला कंटाळून आलेली ती माणसं तिथे एकमेकांना गोळे मारत बसली आणि लालबुंद होऊन परतली. हॅल्वर आसेन दिवसभर जेवणाच्या खोलीत एका टेबलाशी बसून होता, कुणालाही येऊन बोलता यावं म्हणून. काही आले. एकजण आला, समोर बसला आणि एक शब्दही न बोलता सूप पिऊन उठून गेला. म्हातारा तरी जागचा हलला नाही.

डॉर्कस संध्याकाळी एल्विराच्या ऑफिसात आली. दार लावून घेतलं, पण बसली नाही.

"काल तू माझ्यासाठी खिडकी उघडलीस."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो. मी त्यांना शब्द दिला होता."

"मी तुला विचारलं, एल्विरा. गाडीत. तू म्हणालीस थंडी सोसत नसेल."

एल्विराने खुलासा केला नाही. पहाटे संत्र्याच्या झाडांत काय बोलणं झालं, तेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते स्वतःची बाजू मांडणं झालं असतं, आणि डॉर्कसने विचारलं होतं ते वेगळंच. ती एवढंच म्हणाली, "खोटं बोलले मी."

डॉर्कस गेली. तिचीही नोकरी जाणार होती; तिने सही केली नाही. शुक्रवारी रात्री जेवण झालं, वाजंत्रीवालेही आले. एल्विराने त्यांना हळू वाजवायला सांगितलं होतं, पण ओतकामवाल्यांनीच जाऊन आवाज वाढवून घेतला. पुष्कळजण नाचले. आसेनलाही कुणीतरी ओढलं. डॉर्कस आली नव्हती, आणि शनिवारी बस निघाली तेव्हा ती एल्विरा उभी होती त्याच्या पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली होती.

ओतकामखातं जूनमध्ये बंद पडलं. आसेनने विक्रीतलं काही बाजूला काढून माणसांना थोडे महिने तग धरता येईल असं केलं, हे एल्विराला हॉटेलात उतरलेल्या दुसऱ्या एका डुलूथवाल्याकडून कळलं. सगळ्यांचं बरं झालं असं मात्र तो म्हणाला नाही. फोन वाजला की डॉर्कसचा आहे का, म्हणून एल्विरा आधी नंबर बघायची.

ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊल ठेवलं तर बुटाखालचं डांबर मऊ लागावं अशा दुपारी, घरचा फोन वाजला. डॉर्कस होती. उन्हाळा कसा आहे, तिने विचारलं. एल्विराने सांगितलं. तिकडे सरोवरावर धुकं आहे, असं ती म्हणाली. आई कशी आहे, गुडघे कसे आहेत, असं बरंच चाललं. मग ती म्हणाली की एका इस्पितळाच्या ऑफिसात काम मिळालंय, पगार कमी आहे, माणसं बरी आहेत. तिथे खिडकीतून भिंत दिसते, असंही म्हणाली.

"मला अजून राग आहे," डॉर्कस म्हणाली.

"असू दे."

"म्हाताऱ्याने मला सांगितलं. तू सकाळी जाऊन काय बोललीस ते. तूच का नाही सांगितलंस?"

"तुझा राग खरा होता. त्याच्यापुढे ते काय सांगायचं?"

डॉर्कस खोकली, किंवा हसली, तारेवरून नीट कळलं नाही. पुढच्या रविवारी फोन करते म्हणाली आणि ठेवला.

त्रिनिदाद आतल्या खोलीतून विचारत होती, कोण गं, कोण. एल्विराने सांगितलं. ती येणार का थंडीत, आईने विचारलं. "तसं काही बोलली नाही," एल्विरा म्हणाली, आणि पंख्याची दिशा आईकडे वळवून तिच्याजवळ जाऊन बसली.