पाय सोडणारा बूट

जुन्या जालन्यात माझं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलची सीटं, रिक्षाचे पडदे, ट्रॅक्टरच्या गाद्या. माझी शिलाई उसवत नाही, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. बायकोचं म्हणणं आहे की मी आमच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांना हेच सांगत होतो.

मागच्या हिवाळ्यात एक मॅडम रिक्षातून एक लांब फळी घेऊन उतरल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, वय चाळिशीचं. फळी माणसाएवढी उंच, पुढून वर वळलेली, आणि तिच्यावर एकामागे एक अशा दोन पायांच्या जागा. पुढे रबराचा बूट, मागे नुसता रबराचा पट्टा. ही पाण्यावरची स्की, त्या म्हणाल्या. मोटारबोटीला दोर बांधायचा, दोराची दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि या एका फळीवर उभं राहून बोटीमागे पाण्यावरून जायचं. पुण्याकडच्या एका तलावावर त्यांच्या मैत्रिणीची बोट आहे, तिथे त्या वर्षातून दोनदा जातात. आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार असलं की लोक कामाला दांडी मारतात. पाण्यावर उभं राहायला जाणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बुटाचं रबर वाळून चिरलं होतं. जिथे जिथे स्क्रू होते तिथे तिथे भोकं फाटत चालली होती. नवा बूट बाहेरून मागवता येतो, पण फळी जुनी, आताच्या बुटाची भोकं तिच्यावर बसत नाहीत. कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं.

"भाऊ, एकच गोष्ट लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "बूट घट्ट पाहिजे, पण मी पडले की रबर ताणून पाय बाहेर आला पाहिजे. पाय अडकला आणि फळी पाण्यात फिरली, तर घोटा पिळवटतो. हा डावा एकदा मोडलाय. परत मोडला तर नीट जुळायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"बिलकुल काळजी करू नका," मी म्हणालो.

कामाला मी चार दिवस घेतले. जुनं रबर सोडवून पुठ्ठ्यावर माप काढलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबमधला चांगला भाग निवडून कापला, टाचेला दोन थर दिले, कडेनं जाड नायलॉनच्या दोऱ्यानं शिलाई मारली. गंजलेले स्क्रू काढून स्टीलचे बसवले. मागचा पट्टाही नवा केला. इथवर सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे होतं.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. गिऱ्हाईक काहीही सांगतं. सुटणारा बूट कुणाला हवा असतो? उद्या तलावात हा पायातून निघाला तर पुण्याची चार माणसं विचारतील, कुणी शिवला? मी टाचेच्या दोन थरांमध्ये जीपच्या सीटबेल्टची पट्टी घातली आणि वरून शिलाई मारून टाकली. बाहेरून काही कळत नव्हतं. रबर थोडं ताणलं जायचं आणि मग पट्टी त्याला अडवायची. मॅडमना मी हे सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी त्या आल्या तेव्हा कॉलेजात मीटिंग असल्यानं घाईत होत्या. पाय घालून पाहिला, बराबर बसला म्हणाल्या, आणि फळी घेऊन गेल्या. शनिवारी पहाटे निघणार होत्या.

रविवारी मी गावी, टेंभुर्णीला गेलो. थोरल्या भावाची अजून बैलजोडी आहे. सकाळी तो बैल जुंपून बांधावरून शेतात उतरत होता आणि मी मागे चालत होतो. एका बैलाचा पाय ओल्या मातीत घसरला आणि तो गुडघ्यावर बसला. जू तिरपं झालं, त्याची मान पिळली गेली. भावानं एक पाऊल पुढे टाकून मानेखालच्या दोरीचं टोक ओढलं. एका ओढीत गाठ सुटली, बैल मोकळा झाला आणि उठून उभा राहिला.

"निरगाठ असती तर मान गेली असती," भाऊ म्हणाला. "म्हणून सुरगाठच मारायची. हे तुला न्हाई ठाव? जालन्यात जाऊन पार इसरला का?"

मी विसरलो नव्हतो. लहानपणी ही गाठ मीच मारायचो. तिथेच बांधावर मला त्या बुटातली पट्टी आठवली.

मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, परत नाही. त्या पाण्यावर असणार हे उघड होतं, आणि त्यामुळेच जीव जास्त घाबरला. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं, लाज वाटते पण सांगतो: दोऱ्यात दोष निघालाय, बूट वापरू नका, एवढंच म्हणायचं. भावजयीनं जेवायला वाढलं, मी ताट तसंच बाजूला सारलं. भावानं विचारलं, मी ॲसिडिटी म्हणून सांगितलं. अकरा वेळा फोन लावला असेल.

दुपारी त्यांचाच फोन आला. मी ठरवलेलं सगळं विसरून गेलो.

"मॅडम, टाचंत मी सीटबेल्टची पट्टी घातल्ती. तुम्हाला इचारलं न्हाई. बूट सुटणार न्हाई. पाय कसाय तुमचा?"

"पाय ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पट्टी मी शुक्रवारीच काढली. घरी गेल्यावर पायाला साबण लावून ओढून पाहिला, टाच अडकली. मग ब्लेडनं शिलाई उसवली. तुमचं रबर छान आहे, भाऊ. कालपासून सहा वेळा पडले, सहाही वेळा पाय सुटला."

 इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मग थोडा रागही आला.

"मंग मला एक फोन करून सांगायचं ना!"

"वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगताय का, ते."

शुक्रवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत. तेवढ्या वेळात मी तीन गिऱ्हाइकांना त्या बुटाची तारीफ ऐकवली होती.