बर्वे सरांच्या तालमी

मस्कतमध्ये एसीचा फिल्टर महिनाभर धुतला नाही तर त्यातून मूठभर धूळ निघते. ती कोणी साठवलेली नसते, आपोआप साचते. हौशी नाटकवाल्यांचे किस्सेही तसेच. मी तिथे नऊ वर्षं नोकरी केली, त्यातली सात नाटकात गेली. कुठली नाटकं केली ते आज कोणाला आठवत नाही, मलाही धड आठवत नाही. किस्से मात्र झटकाल तेव्हा पडतात. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "परब, ते बर्वेंचं सांग."

बर्वे सर आमचे दिग्दर्शक. नाटक बसवणारे तेच, नायक तेच आणि शेवटी माइक हातात घेऊन स्वतःच्या नाटकाबद्दल भरून येऊन बोलणारेही तेच. दिवसा ते एका बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर होते. मी त्याच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे साइटवरचे कागद मुख्य ऑफिसात आणायचे, सह्या झाल्या की परत न्यायचे. तालमी मस्कतमधल्या दार्सैतला सरांच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारच्या सुट्टीत जेवणं उरकली की.

* * *

सर भूमिका वाटायचे त्या रेसिडेंट कार्डावरचा हुद्दा बघून. जनरल मॅनेजर असेल त्याला न्यायाधीश. सीनियर इंजिनियरला डॉक्टर. सुपरवायझर असाल तर इन्स्पेक्टर. एका वर्षी वकिलाचं काम एका चीफ अकाउंटंटला दिलं. त्याला सलग दोन वाक्यं पाठ होत नव्हती, पण काळा कोट त्याचा स्वतःचा होता.

मी तीन वर्षं पोस्टमन होतो. "तुला कागद नेऊन द्यायची सवय आहेच," सर म्हणायचे.

चौथ्या वर्षी मला प्रमोशन मिळालं. सीनियर डॉक्युमेंट कंट्रोलर. मी पेढे घेऊन तालमीला गेलो. सरांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा वहिनींसाठी बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वा. मग यंदा तू तलाठी."

* * *

आमच्यातला खरा नट एकच, बस्त्याव. वसईचा, एका हॉटेलात पेस्ट्री करायचा. पहाटे चारला ड्यूटी, दुपारी सुटला की टॅक्सीने थेट तालमीला. अंगाला व्हॅनिलाचा वास. त्याला एकदा वाक्य ऐकवलं की ते त्याचं व्हायचं. आम्ही वाक्य म्हणायचो आणि तो बोलायचा, एवढा फरक.

पण वसईच्या बोलीचा हेल त्याच्या जिभेवर होता. बर्वे सर पुण्याचे. पहिल्याच तालमीत त्यांनी त्याला थांबवलं. "बस्त्याव, अभिनय ठीक आहे. भाषा शुद्ध नाही. न आणि ण ऐकताना वेगळे कळले पाहिजेत."

मग सरांनी त्याच्यासाठी खास भूमिका लिहिली. मुका नोकर.

प्रयोगाच्या दिवशी बस्त्याव हातात ट्रे घेऊन आत आला आणि नुसता उभा राहिला. समोर सरांचं दीड पानांचं स्वगत चालू होतं. बस्त्याव ते ऐकत होता, बाकी काहीच करत नव्हता. लोक मात्र त्याच्याकडे बघून हसायला लागले, आणि स्वगत संपेपर्यंत हसत राहिले.

आत आल्यावर सर लालबुंद झाले होते. "तुला काही बोलायचं नव्हतं!"

"नाही बोललो, सर," बस्त्याव म्हणाला. "एकही ण चुकला नाही."

पुढच्या वर्षी त्याला पडदा ओढायला ठेवला.

* * *

त्याच वर्षी सरांची मुलगी रिया स्टेजवर आली. नववीत होती. इंडियन स्कूलमधली मुलं आपसात इंग्रजीच बोलतात, तशीच ही. मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून वहिनींनी तिला सगळे संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून दिले होते. ही गोष्ट सरांनी आम्हाला सांगितली नव्हती. तालमीत ती येऊन उभी राहायची आणि तिची वाक्यं सरच म्हणून टाकायचे.

प्रयोगात सर तिचे मोठे भाऊ. वय बावन्न, केस काळे केलेले. परदेशातून परत आलेला भाऊ दारात उभा राहतो, आणि बहिणीने विचारायचं असतं, "दादा, तू कधी आलास?"

इंग्रजीत ल आणि ळ एकाच अक्षराने लिहितात. रियाने हात पसरले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "दादा, तू कधी आळस?"

तीनशे माणसं हसली. रिया बिचारी गोंधळून बापाकडे बघत राहिली. मुलीची चूक नव्हती. जी भाषा घरात तिच्याशी कोणी बोललंच नाही, ती स्टेजवर तिच्याकडून कशी येणार?

सर विंगेत आले तेव्हा बस्त्याव पडद्याची दोरी धरून उभा होता. त्याने अगदी अदबीने विचारलं, "सर, हा ळ शुद्ध होता का?"

* * *

तिथे जाहीर प्रयोग करायचा तर आधी संहितेचा अनुवाद देऊन परवानगी घ्यायची. एका वर्षी तो इंग्रजी अनुवाद मी केला. सरांचं कौटुंबिक नाटक, तीन अंक, सगळे सोफ्यावर बसून बोलतात. कागद घेऊन गेलो तर तिथला म्हातारा ओमानी कारकून माझ्यासमोरच वाचायला बसला. सगळी पानं वाचली. चहा मागवला, मलाही दिला. मग चष्मा काढून विचारलं, "हे कोणत्या कंपनीत आहेत?"

म्हटलं, "तसं नाटकात काही नाही."

"मग या घरात कामाला कोण जातं?"

मी चहा संपवला. त्याने परवानगी दिली. सात वर्षांत आमच्या नाटकाचं यापेक्षा बरं परीक्षण मी ऐकलं नाही.

* * *

आता माझाही एक सांगायला हवा, नाहीतर म्हणाल परब तेवढा साळसूद.

माझी बदली खाबुऱ्याच्या साइटवर झाली. दार्सैत तिथून गाडीने दोन तासांवर. नाटक तोंडावर आलेलं, आणि त्या वर्षी मला पहिल्यांदाच रडायचं काम मिळालं होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत साइटच्या केबिनचं दार लावून मी रडायचा सराव करत होतो. डोळ्यांत पाणी काही येईना, म्हणून डबा उघडून कांदा काढला. तेवढ्यात सालेम आत आला.

सालेम आमच्या साइटचा ओमानी प्रमुख. मोठ्या मनाचा माणूस. माझे डोळे बघून जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "वडील?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. माझे वडील त्या वेळी कुडाळला ओसरीवर पत्ते खेळत असणार.

"यल्ला, जा," सालेम म्हणाला. "काम खलास. चार दिवस येऊ नकोस." स्वतःच्या गाडीने त्याने मला मस्कतला पोहोचवलं. दोन तास गाडीत रेडिओ लावला नाही. उतरताना खजुराचा डबा हातात दिला.

मी चार दिवस तालीम केली. सरांना खरं सांगितलं तेव्हा वाटलं, एचआर मॅनेजर आहेत, आता झापणार. ते हसले. रजेच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली आणि म्हणाले, "याला म्हणतात झोकून देणं."

तो खजूर मी खाल्ला नाही. फेकलाही नाही. कपाटात तसाच राहिला.

* * *

तेलाचे भाव पडले, कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली, आणि सरांना सामाजिक जाणीव झाली. त्यांनी मजुरांच्या आयुष्यावर शॉर्टफिल्म काढायचं ठरवलं. मजूर अर्थात सरच. निझव्याच्या बाजूला आमच्या एका साइटवर सुट्टीच्या दिवशी शूटिंग. सर नवा निळा कव्हरऑल घालून आले. पाकिटातून काढलेल्या घड्या छातीवर तशाच. वहिनींनी गालाला काजळ लावून धूळ केली. जिथे बघाल तिथे फुकटची धूळ होती, तरी काजळ.

शॉट सुरू झाला. सर खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊन चालले होते. गोणीत थर्माकोल होता. मागे आमचा एक गवंडी, नाशिककडचा, सुट्टी असून भिंतीला पाणी मारत होता.

सरांनी हात वर केला. "कट. त्या माणसाला बाजूला घ्या. तो लेबर वाटत नाही."

* * *

त्या शॉर्टफिल्मचं कौतुक झालं. फेसबुकवर लोकांनी रडक्या चेहऱ्यांच्या रांगा लावल्या. मग सरांनी त्याचंच नाटक लिहिलं. आखातात काम करणाऱ्या एका कामगाराचा बाप गावाकडे वारतो, त्याला रजा मिळत नाही, तो साहेबाच्या दारात रडतो. रडणारा कामगार म्हणजे बर्वे सर. कठोर साहेबाचं काम त्यांनी एका फोरमनला दिलं. मी त्या वर्षी प्रॉम्प्टर.

सर म्हणाले, "हे नाटक ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत नेलं पाहिजे." म्हणून निझव्याजवळच्या आमच्याच कंपनीच्या लेबर कॅम्पात प्रयोग ठेवला. शुक्रवारी दुपारी, मेसच्या हॉलमध्ये. टेबलं भिंतीला लावली, भात-आमटीचा वास तसाच. दीडशे माणसं आली. बरीचशी कोकणातली, थोडी नाशिक-नगरची. आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून आली होती.

पाचव्या रांगेत गणपत बसला होता. संगमेश्वरचा, परांच्या बांधायचा. त्या जूनमध्ये त्याचा बाप गेला होता. त्याने त्याच दिवशी रजेचा फॉर्म भरला. तोवर मी निझव्याच्या साइटवर होतो, तिथले कागद माझ्याकडून जायचे, म्हणून तो फॉर्म मीच मुख्य ऑफिसात नेला. सरांनी तो परत पाठवला, कारण बदली माणूस कोण त्या रकान्यात नाव नव्हतं. फॉर्म परत न्यायलाही मीच. नाव मिळून सही होईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. बापाला अग्नी धाकट्या भावाने दिला. गणपतने ते मोबाइलवर बघितलं, कॅम्पात, बंकवर बसून. मग रजा नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी परांचीवर चढला.

तो नाटकाला येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला होता, आणि मन लावून बघत होता.

शेवटचा प्रवेश आला. सर गुडघ्यांवर बसले. त्या दिवशी काम खरंच चांगलं झालं, ते नाकारत नाही. आवाज फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. "साहेब," ते म्हणाले, "माझा बाप गेला. मला जाऊ द्या. मला त्याचं तोंड बघू द्या."

दोन-तीन माणसं डोळे पुसत होती.

गणपत उभा राहिला. ओरडला नाही. ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून विचारतात तशा आवाजात त्याने विचारलं, "साहेब, बदली मानसाचं नाव लिवलंत का?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. फोरमनचंही काम थांबलं. मी विंगेतून पुढचं वाक्य दिलं. सरांनी घेतलं नाही. परत दिलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिलं की मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

गणपत अजून उभाच होता.

"साहेब," तो म्हणाला, "आतनं सांगतायत बघा."