डांग्या खोकल्याचा नकाशा

पाचव्या बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि श्रीनिवासनं तो आमच्या यादीतून काढून टाकला.

"मॅडम, ये अपना केस नहीं है. आधार पुणे का है," तो म्हणाला.

श्रीनिवास आमचा डेटा मॅनेजर. मी हैदराबादेत जिल्ह्याची सर्व्हेलन्स ऑफिसर, म्हणजे साथरोगांवर नजर ठेवणारी डॉक्टर. कोणाला, कुठे, कधी काय झालं, याची आम्ही यादी ठेवतो. तिला लाइन लिस्ट म्हणतात. यादीतल्या पत्त्यांवरून नकाशावर ठिपके मांडायचे. ठिपके एकत्र दिसले तर तो क्लस्टर, म्हणजे तिथे काहीतरी शिजतंय. विखुरलेले दिसले तर या आपापल्या सुट्या केसेस.

आमचे ठिपके विखुरलेले होते. कुकटपल्ली, एल. बी. नगर, मेहदीपट्टणम, सिकंदराबाद. चार बाळं, चार दिशांना. दुपारीच डायरेक्टर सरांनी फोनवर विचारलं होतं, "क्लस्टर आहे की नाही, डॉक्टर? एका शब्दात सांगा." मी "नाही" म्हणून मोकळी झाले होते.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. डांग्या खोकला आता कुठे राहिलाय, असं लोकांना वाटतं. तो कुठेही गेलेला नाही. त्याची पहिली लस बाळाला दीड महिन्याची झाल्यावर मिळते. तोवर बाळ उघड्यावर असतं. मोठ्या माणसाला हा आजार झाला तर तो महिना-दोन महिने नुसता ठसकत राहतो आणि कामावरही जातो. वीस-पंचवीस दिवसांच्या बाळाला मात्र धड खोकताही येत नाही. ते श्वास घ्यायचं थांबतं आणि निळं पडतं. आमच्या पाचांपैकी एक बाळ व्हेंटिलेटरवर होतं. वय सव्वीस दिवस.

एवढं लहान बाळ बाजारात जात नाही की शाळेत. त्याला आजार घरपोच मिळतो. आणून कोण देतंय ते सापडलं नाही, तर पुढचं बाळ ठरलेलं होतं.

पुण्याची केस पुण्याला कळवायची तर आईशी बोलायला हवं. मराठी येणारी ऑफिसात मी एकटी. फोन लावला.

"तुम्ही पुण्याला कधी परत गेलात?" मी विचारलं.

"पुण्याला? मी इथेच आहे. नल्लकुंट्याला, आईकडे. पहिलं बाळंतपण ना," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? मी स्वतः नांदेडहून काचीगुड्याला आईकडे येऊन अडीच महिने राहिले होते. माझ्या मुलीच्या कागदांवर तेव्हा पत्ता लागला होता नांदेडचाच. हॉस्पिटलात बाळाच्या आईचं आधार कार्ड मागतात आणि आधारवर असतं सासर. आम्ही सासरं मोजत बसलो होतो आणि बाळं सगळी माहेरी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

उरलेल्या चौघींना फोन केले. तीन जणी नल्लकुंट्यात, एक चिक्कडपल्लीत. पाचही ठिपके पायी फिरता येईल एवढ्या जागेत आले. पाचही घरं मराठी, हेही तेव्हाच लक्षात आलं.

मी सरांना फोन केला. "सर, क्लस्टर आहे."

"दुपारी नाही म्हणालात."

"दुपारी चुकले."

सर म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत सोर्स सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी पुण्याच्या मुलीच्या माहेरी पोचले. तिचं बाळ औषध घेऊन आदल्या दिवशी घरी आलं होतं. आमच्या फॉर्मवर दोन रकाने असतात: घरातली माणसं आणि आलेले पाहुणे. घरात कोणी खोकत नव्हतं. पाहुणे आजीनं येऊच दिले नव्हते, सव्वा महिना झाल्याशिवाय येऊ नका म्हणून सगळ्यांना बजावलं होतं. आमची माणसं आणखी दोन घरी गेली होती. तिथूनही हेच उत्तर आलं.

मी उठणार, तेवढ्यात न्हाणीघराच्या दाराशी उलटा ठेवलेला पाट दिसला. वर तेलाची वाटी.

"आजी, बाळाला न्हाऊ कोण घालतं?"

"शेवंताबाई. फार गुणाचा हात हो तिचा! आपल्या सगळ्या मराठी घरांतून तीच जाते."

"खोकते का?"

"छे! जरा ठसकते. धुरीचा धूर जातो ना घशात."

ती घरातली नव्हे आणि पाहुणीही नव्हे. आमच्या फॉर्मवर तिला जागाच नव्हती. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला नडग्यांवर उताणं घेते आणि वरून वाकून चोळते. तिचं तोंड बाळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. असं रोज अर्धा तास.

शेवंताबाई मागच्या गल्लीत सापडल्या. साडेनऊ वाजले होते. पन्नाशीच्या, काटक. माहेर बिदरकडचं, पण जन्म हैदराबादेत गेलेला. एका घरचं आटोपून ओसरीत हात पुसत होत्या. मी समोर बसले.

"खोकला कधीपासून आहे?"

"महिना झाला असंल. ताप नै, काय नै. उबळ येते बस. दवा घ्यायलेय ना मी." एवढं बोलतानाच त्यांना उबळ आली. चेहरा लालबुंद झाला. ऐकल्यावर मला लॅबची गरज वाटली नाही, तरी नाकातला स्वॅब घेतला.

"किती घरी न्हाऊ घालता?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "नऊ."

पाच आजारी. चार अजून बरी होती. त्या चार घरी मी स्वतः गेले. घरातल्या सगळ्यांना अँटिबायोटिक द्यायचं, बाळालासुद्धा, आजार दिसण्याआधीच. एका घरी आजोबा दार अडवून उभे राहिले.

"धडधाकट बाळाला औषध? आमच्या घराण्यात असलं काही चालत नाही."

"मग निळं पडल्यावर देऊ या का?" मी म्हटलं. असं बोलायला नको होतं. पण औषध बाळाच्या पोटात गेलं.

चार वाजता सरांना फोन केला. सोर्स सापडला, नऊच्या नऊ घरं कव्हर झाली. "गुड," सर म्हणाले. सरांच्या तोंडून हा शब्द वर्षातून एकदा निघतो. मी खूश होते.

शेवंताबाईंच्या गोळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. घरी काम आहे म्हणून त्या गोळ्या घ्यायला आरोग्य केंद्रावर थांबल्याच नव्हत्या. चिक्कडपल्लीच्या बाजारामागे त्यांची खोली. जाता जाता देऊ म्हणून ड्रायव्हर रहीमभाईंना गाडी तिकडे घ्यायला सांगितली.

दार उघडंच होतं. आत खाटेवर एक पोरगेली बाई बसली होती, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला, कानांत कापूस. तिच्या मांडीवर दुपट्यातलं बाळ.

"माझी लेक, मॅडम," शेवंताबाई म्हणाल्या. "बाळंतपणाला आलीय. बावीस दिवस झाले."

"याला न्हाऊ कोण घालतं?"

"मीच की."

"खोकतंय?"

"नै, नै. खोकत नै. लई गुणी हाय. सकाळपास्न दूध नै प्यालं, झोपूनच हाय."

मी दुपटं बाजूला केलं. ओठ निळसर होते. मी छातीकडे बघत राहिले. छाती हलत होती, मग हलेना. तळपायाला जोरात टिचकी मारली. दुसरी मारली. तिसरीला बाळानं श्वास घेतला आणि मांजराच्या पिलासारखं बारीक रडलं.

बाळ तसंच उचलून गाडीत बसले. मागून लेक, तिच्यामागून शेवंताबाई. ऑफिसं सुटायची वेळ, रस्ता तुंबलेला. रहीमभाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. मी गाडीत ऑक्सिजन ठेवत नाही, कारण मी यादीची डॉक्टर. माझ्याजवळ फक्त बोटं होती. श्वास थांबला की टिचकी. वाटेत चार वेळा थांबला. मला भयंकर भीती वाटत होती आणि त्या दोघींना ती दिसू नये म्हणून मी खाली मान घालून बसले होते.

"सकाळी सांगितलं का नाही?" शेवटी मी ओरडलेच.

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घरं विचारली, मॅडम. कामाची सांगितली. आपल्या नातवाला न्हाऊ घालणं काय काम हाय का?"

हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यांनी विचारलं, "माझ्यामुळंच का?"

खरं उत्तर मला आजही ठाऊक नाही. त्यांचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. पण त्यांनी पहिल्या बाळाला आजार दिला, की कुठल्या तरी बाळाकडून त्यांना लागला, हे लॅब सांगू शकत नाही. अहवालात मी "मूळ सोर्स अनिश्चित" असं लिहिलं. सरांना ते आवडलं नाही. मी बदललं नाही.

नातू नऊ दिवस आयसीयूत होता, मग घरी गेला. आधीच औषध दिलेल्या त्या चार बाळांपैकी एकही आजारी पडलं नाही. व्हेंटिलेटरवरचं सव्वीस दिवसांचं बाळ गेलं. शेवंताबाईंना आता त्या नऊ घरांतलं कोणी बोलावत नाही. त्या पूर्ण बऱ्या आहेत, त्यांच्यापासून धोका नाही, असं मी दोन आज्यांना स्वतः फोन करून सांगितलं. दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरी बाई लावली.

आमच्या फॉर्मवर आता दोन प्रश्न वाढले आहेत. बाळ सध्या कुठे राहतं? बाळाला न्हाऊ कोण घालतं? तिसरा प्रश्न फॉर्मवर नाही, पण माझ्या माणसांना मी तो तोंडी विचारायला लावते. सगळी घरं लिहून झाली की पेन बंद करायच्या आधी समोरच्या बाईला विचारायचं, "आणि तुमच्या घरी कोण लहान आहे?" त्या सकाळी साडेनऊला हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.