सटवाच्या हातातलं वजन

मी शाळामास्तर असताना सटवा चौथीत माझ्या वर्गात होता, तेव्हाही अंगानं भरलेला होता. आता पंचेचाळिशीला आला आहे. आमच्या तेलगावात माझ्या घरासमोरच राहतो, शेळ्यामेंढ्या विकतो. बाजारात जनावर घेताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांमागे घालतो, अलगद उचलतो आणि वजन सांगतो. ही कला त्याला आईनं, साखराबाईनं शिकवली.

दोनेक वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. बीडच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. सटवानं चहातली साखर सोडली, भात सोडला, रोज पहाटे माजलगावच्या रस्त्यानं चालू लागला. वर्षभरात सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबू लागला. बाजारात ओळखीचे म्हणत, "शुगरनं खाल्लं की बे तुला!" तो हसून म्हणे, "डॉक्टर खुश हाय." पण चरबीबरोबर ताकदही गेली होती. पूर्वी सहज उचलायचा तो मेंढा आता मध्येच खाली ठेवायचा.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर साखराबाई मेंढरांच्या वाड्यात पाला टाकताना घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय आणि हृदय पाहून डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले नाहीत. म्हातारी खाटेला लागली. संडास अंगणाच्या पलीकडे. खाटेजवळ भांडं ठेवायला ती तयार होईना. "आपल्या घरात मी घाण करत न्हाई," म्हणाली. मग सटवा आणि त्याची बायको संगीता तिला दोघं मिळून नेत. एके सकाळी संगीता मेंढरं सोडायला गेली होती, म्हणून सटवानं एकट्यानंच उचललं. अंगणाच्या मधोमध त्याचे हात सुटले.

आणखी हाड मोडलं नाही. म्हातारी ओरडलीही नाही. पण त्या दिवसापासून तिला तहान लागेनाशी झाली. अर्धी भाकरी होती, तिची चतकोर झाली. औषधाच्या गोळीपुरतं घोटभर पाणी प्यायची. आधी संगीताच्या ध्यानात आलं.

"उचलायला लागू नये म्हणून आत्याबाई खात न्हाईत, गुरुजी," ती माझ्या ओट्याशी येऊन म्हणाली. सटवा मागं उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो खताच्या दुकानावरच्या जिममध्ये गेला. तिथं भरतीची पोरं. एकजण म्हणाला, "मामा, पोलिसात चाल्ले का?"

"न्हाई रे. आईला उचलायचंय."

जिम चालवणारा धर्मराज बावीस-तेवीस वर्षांचा, पण समंजस. त्यानं नुसता लोखंडी दांडा हातात दिला. "पाठ वाकवू नका मामा. कमरेतून खाली बसा, दांडा अंगाजवळ धरा, पायांनी उठा." सटवाला त्या रिकाम्या दांड्यानंही घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना, कठडा धरून उतरला. तरी रोज जात राहिला. धर्मराजच्या सांगण्यावरून मटकी, अंडी खाऊ लागला. दांड्याला वजनाच्या चकत्या चढू लागल्या. हे सगळं तो घरी येऊन आईला सांगे. ती ऐके, आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारे.

माघात एका सकाळी त्यानं तिला एकट्यानं उचललं. मी ओट्यावर होतो. तो न थांबता अंगण ओलांडून गेला, परत आला, धाप नाही लागली. बाहेर उन्हातल्या बाजेवर तिला ठेवलं. मी उठून त्यांच्या अंगणात गेलो. "बघितलं का गुरुजी!" संगीताला हसू आवरेना. सटवा मात्र हसला नाही. दोन्ही हात तसेच पुढं धरून उभा राहिला.

साखराबाईनं विचारलं, "कितीक भरले रे?"

"पंचेचाळीस."

"खोटं कावून बोलतो? हात म्या शिकवलाय तुला."

त्यानं पुढं धरलेले हात खाली घेतले. मग तो हळूच म्हणाला, "तिसाच्या आत हाय, आई."

"हां. आता बराबर." तिचा चेहरा जरा खुलला. "बाजारात असते तर घेतलं नसतं तू मला. नुसती हाडं."

"आता पाडत न्हाई मी. दिवसातून धा वेळा उचलतो. तू जेव फकस्त."

संगीतानं दुधात भाकरी कुस्करून आणली. म्हातारीनं मनापासून दोन घास खाल्ले. तिसरा तोंडात फिरत राहिला, शेवटी तिनं तो तळहातावर काढला. "जात न्हाई लेका," ती म्हणाली. "मोडली सवय." सटवानं आपला तळहात पुढं केला आणि तो घास घेतला.

मग तिनं पाणी मागितलं. ग्लासभर पाणी ती थांबत थांबत, पण तळापर्यंत प्याली. आम्ही तिघंही बघत बसलो. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तेव्हा तिनं हाक मारली. त्याच्या हातून पडल्यापासून तिनं अशी हाक मारली नव्हती.

"सटव्या, उचल."