पमीच्या चार ओळी

दुपारचे अडीच वाजलेत. जेवणाच्या टेबलावर शाळेच्या स्मरणिकेची पानं पसरलीत आणि माझे डोळे मिटायला लागलेत. आमच्या मुलींच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली, म्हणून ही स्मरणिका. 'दिवंगत विद्यार्थिनी' हा विभाग समितीनं माझ्या गळ्यात मारलाय. बत्तीस जणी. पाच वाजता कुसूरकरबाई पानं छापखान्यात न्यायला येणार आहेत.

बत्तीसच्या बत्तीस मनमिळाऊ! सगळ्या हसतमुख, सगळ्या सुगरण. एकही बया जन्मात कुणावर खेकसली नाही म्हणे. शी! अक्षर माझंच, आणि वाचवत मलाच नाही. शेवटचं पान प्रमिलाचं, म्हणजे माझ्या बाकावरच्या पमीचं. तिच्या नवऱ्यानं लग्नातला जोडीचा फोटो पाठवला. मी त्याला कात्रीनं कापून काढलं, पण त्याचा हात पमीच्या खांद्यावर राहिलाच. चार जाड बोटं. खाली मी चार ओळी लिहून चिकटवल्यात, पतीला सावलीसारखी साथ दिली वगैरे. खळीचा आंबूस वास अजून बोटांना येतोय. मान खाली पडते, मी ती सावरत नाही.

"सावलीसारखी काय गं, मंदे?"

समोरच्या खुर्चीत पमी बसलीय. गेल्या श्रावणात ही गेली, मी स्वतः हार घातला होता. आता अंगात शाळेचा निळा स्कर्ट, लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, आणि चेहरा मात्र साठीचा. मला भीती वाटत नाही. लाज वाटते, म्हणून मी पान पालथं घालते.

"दाखव की."

"अगं, सगळ्यांचं तसंच लिहिलंय. चांगलं तेवढंच घ्या म्हणाली समिती."

"समिती गेली खड्ड्यात. दाखव."

टेबलाचं बाक झालंय. नववी ब, भिंतीकडची रांग. आमच्या वर्गात एक रीत होती. बाई जवळ आल्या की चिठ्ठी जिच्या हातात असेल तिनं ती गिळून टाकायची, नाव फुटता कामा नये. माझ्या किती चिठ्ठ्या या पमीनं गिळल्या असतील! जीभ निळी व्हायची आणि वर तोंड करून सांगायची, "नाही बाई, काही नाही." खो-खोच्या संघाची कप्तान होती. एकदा पळायला लागली की कुणाच्या बापाच्या हाती लागायची नाही.

"चल, मैदानावर पळू," मी म्हणते. मला विषय बदलायचाय.

"कशानं पळू?" ती बाकाखालून पाय पुढे करते. घोटा बाहेरच्या बाजूला वळलाय, सुजून काळानिळा झालाय. "वरवंटा घातला त्यानं. तुला माहितेय की."

मला माहितेय. आम्ही माझ्या दारात उभ्या आहोत, मी आत, ती बाहेर. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. आतल्या खोलीत बायका खिदळताहेत, गुलाबपाण्याचा घमघमाट सुटलाय. पमीच्या एकाच पायात चप्पल आहे.

"मंदे, आजची रात्र राहू दे. उद्या माझं मी बघीन."

या वेळी मी तिला आत घेणार. नक्की घेणार. मी हात पुढे करते, आणि हात आपला जातो कुंकवाच्या करंड्याकडे! मी तिच्या कपाळावर बोट टेकवते. हातावर तिळाचा लाडू ठेवते. वाणाची प्लॅस्टिकची डबी तिच्या मुठीत कोंबते. आणि माझ्याच तोंडून, तेव्हाच्याच गोड आवाजात, शब्द बाहेर पडतात, "सणाचा दिवस आहे गं, घरी जा. जरा जुळवून घे."

किळस येते मला त्या आवाजाची. फोटोतल्या त्या बोटांची येते त्याहून जास्त येते.

"का नाही घेतलंस आत?" पमी विचारते. रागावून नाही, पाणी मागावं तशी.

"आत इतक्या बायका होत्या. लोक काय म्हणतील..."

"खरं सांग."

"तुझा पाय बघून माझा कार्यक्रम विस्कटला असता."

"हं. आणि हे कुठे लिहिलंयस?"

आम्ही परत बाकावर आहोत आणि रांगेतून बाईंच्या चपलांचा आवाज जवळ येतोय. पमी पान सुलटं करते, फोटोखालच्या चार ओळी टरकन फाडते आणि माझ्यापुढे धरते.

"घे. चिठ्ठी तुझी आहे. मी पुष्कळ गिळल्या, ही नाही जायची मला."

मी कागद तोंडात घालते. आंबट खळ, कडू शाई. चावता चाववत नाही, गिळता गिळवत नाही. ओकारी येते.

दाराची बेल वाजतेय. टेबलावर माझी लाळ सांडलीय. तोंडात काहीतरी आहे. मी तळहातावर थुंकते, तर निळसर, चिकट कागदाचा बोळा. पमीच्या पानावरून चार ओळींची पट्टी गेलीय, कड फाटलेली आहे, ओली आहे.

"अहो मंदाकिनीताई, झाली का पानं?" कुसूरकरबाई बाहेरून ओरडताहेत.

"थांबा!" मी ओरडते. माझी जीभ जड झालीय. कात्री घेऊन ती चार बोटं कापायला जाते आणि थांबते. राहू देत. दिसू देत सगळ्यांना.

बोळा बशीत ठेवून मी पेन उघडते आणि उरलेल्या कोऱ्या जागेत लिहिते: "प्रमिलाच्या नवऱ्यानं वरवंट्यानं तिचा घोटा मोडला. त्या दिवशी ती एका मैत्रिणीच्या दारात आली होती. त्या मैत्रिणीनं तिला कुंकू लावून परत पाठवलं."

मग 'एका मैत्रिणीच्या' खोडून मी माझं नाव घालते.