मिश्री आणि जबड्यातला स्क्रू

"इम्प्लांट घट्ट आहे, पण भोवतीचं हाड झिजलंय," बारामतीच्या डॉक्टरबाई एक्स-रेवर पेन टेकवून म्हणाल्या. "याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात." म्हणजे बसवलेल्या दाताभोवतीची हिरडी सुजते आणि खालचं हाड कमी होत जातं. महिनाभर ब्रश करताना रक्त येत होतं, मीच काणाडोळा केला.

दोन वर्षांपूर्वी किडलेली दाढ काढून तिथे टायटॅनियमचा स्क्रू बसवला होता. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करतात. बारीक कणांचा मारा करायचा, मग आम्लात बुडवायचा. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंतीला टाचे मारतो, तसंच. हाड त्याला पक्कं धरतं. माझ्या हाडाने तीन महिन्यांत धरलंही. पण हाड खाली सरकून तो भाग उघडा पडला, की घाणही तितकीच पक्की धरते.

दातांवरचे डाग बघून डॉक्टरांनी विचारलं, मिश्री लावता का? मी नाही म्हणाले, डाग चहाचे आहेत. मी सणसरला अंगणवाडी सेविका आहे. मिश्री सोडा, असं गरोदर बायकांना मीच बजावते. रोज सकाळी चुलीपाशी बसून भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

साफसफाई झाली, औषधं झाली. दोन महिन्यांनी हाड आणखी खाली गेलेलं. आता स्क्रू काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मला रडूच आलं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

"बाई, ही मिश्री लावती," त्या म्हणाल्या. "माझ्याच डबीतली. मी बी लावती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर रागावल्या नाहीत. तंबाखूने हिरडी भरून येत नाही, आजपासून बंद करणार असाल तर एक प्रयत्न करू, म्हणाल्या. हिरडी उघडून त्यांनी स्क्रूचा उघडा पडलेला खरखरीत भाग घासून गुळगुळीत केला, टाके घातले. मिश्रीवाचून आठवडाभर डोकं ठणकत होतं. घरात सगळ्यांवर खेकसले.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. हाड होतं तिथेच होतं, स्क्रू वाचला. सासूबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मातांच्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. एक जण शांतपणे म्हणाली, "ताई, आमाला कवाच ठावं हाय."

म्हणजे लपवलं ते फक्त डॉक्टरांपासून. गेलेलं हाड परत येत नाही. पहिल्याच दिवशी खरं बोलले असते, तर त्या दोन महिन्यांत गेलेलं हाड तरी आज माझ्या जबड्यात असतं.