उरलेल्या गोळ्या

काल औषधांच्या दुकानात एक मुलगी काउंटरला धरून उभी होती. "काका, आईला फार दुखतंय हो."

दुकानदाराने चिठ्ठी परत सरकवली. "बाळा, हे मॉर्फिन आहे. आमच्याकडे त्याचा परवाना नाही. मोठ्या इस्पितळातच मिळेल."

ती सरकारच्या नावाने बोटं मोडत निघून गेली.

मॉर्फिनवर बंधनं घालणाऱ्या त्या कायद्याला मीही खूप बोललो आहे. पण माझ्या आईला त्याने अडवलं नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, गोळ्या मिळाल्या. दर चार तासांनी एक, असं त्यांनी बजावलंही होतं. सवय लागेल या भीतीने मीच अर्धी द्यायचो. आई म्हणायची, "दे ना रे अजून." मी म्हणायचो, "सरकार मोजूनच देतं, आई." तिला ते पटायचं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

ती गेल्यावर उरलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे इस्पितळात परत करायला गेलो. सिस्टरांनी त्या मोजल्या, वहीत लिहिल्या आणि मायेने म्हणाल्या, "बऱ्याच उरल्या की! म्हणजे शेवटी फारसं दुखलं नाही त्यांना."

"नाही," मी म्हणालो आणि सही केली.